भाव कुणी हलवला?

अवधूत सबनीसांना जावई पहिल्यापासून पटला नव्हता. कारण काय, तर वेद फार हसायचा. चँडलरच्या कॉम्प्युटर चिपच्या फॅक्टरीत उभा जन्म 'यात कुठे बिघडलंय' एवढं शोधण्यात गेलेला माणूस तो; समोरचा उगाच हसला की यांना आधी शंका. त्यात वेदच्या फोनवर सट्ट्याचं अ‍ॅप. अ‍ॅरिझोनात ते कायदेशीर आहे हो, पण कायदेशीर आहे म्हणून काय जावयानं खेळायचं?

बरं, नुसतं रागावून बसतील तर ते अवधूतराव कसले! त्यांनी तो सट्टा समजूनच घेतला. स्वतः दमडी लावली नाही, पण रिटायर्ड इंजिनियरला आकडे दिसले की राहवतंय थोडंच. त्यातून लेक उर्वी एका बास्केटबॉल टीमची फिजिओ, आणि टीम यंदा फायनलला पोचलेली. मग काय, रोज चहाबरोबर भाव बघायचा आणि बायकोची, पद्मजाबाईंची, शिकवणी घ्यायची.

"हे बघ, आपली टीम मायनस सहा. म्हणजे सहापेक्षा जास्त पॉइंटनी जिंकली, तरच आपल्यावर लावणाऱ्याला पैसे."

"आणि चारनं जिंकली तर?"

"तर लावणारा बुडाला."

"जिंकूनसुद्धा? मेला कसला हा खेळ!"

"अगं, हा आकडा म्हणजे भविष्य नव्हे. लोकांचा पैसा कुठल्या बाजूला पडतोय ते बघून बुकी तो सरकवतो. जाणकारांचा मोठा पैसा आला की आकडा पळतो. बातमी काही नाही आणि भाव हलला, की समजायचं कुणाला तरी आतलं कळलंय."

पद्मजाबाईंनी मान हलवली आणि कोथिंबीर निवडायला घेतली.

शनिवारी उर्वी आणि वेद जेवायला आले. उर्वीच्या घशाखाली घास उतरेना. आईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. टायरेलचा, म्हणजे टीमच्या हुकमी खेळाडूचा, गुडघा सुजला होता. सोमवारची मॅच तो खेळणार नव्हता, आणि टीम ते अगदी शेवटच्या क्षणी जाहीर करणार होती. "हे इथंच राहू दे हं. बाहेर गेलं तर माझी नोकरी गेलीच समजा," ती म्हणाली. तेवढ्यात वेदचा फोन वाजला आणि तो ताटावरून उठून अंगणात गेला. अवधूतरावांनी ते बरोब्बर टिपून ठेवलं.

रविवारी दुपारी त्यांनी भाव बघितला आणि हातातला चहा तसाच राहिला. सहाचे दोन झाले होते, म्हणजे मोठा पैसा आपल्या टीमच्या विरुद्ध पडला होता! बातम्या चाळल्या, टीमचं पान चाळलं. गुडघ्याबद्दल कुठे चकार शब्द नाही. म्हणजे कुणाला तरी कळलं होतं. इथे पाणी मुरतंय, आणि कुठे मुरतंय तेही त्यांना लख्ख दिसायला लागलं. टेबलावर चौघंच तर होते.

सोमवारी टायरेल बाकावर बसला, टीम हरली. मंगळवारी लीगची चौकशी सुरू झाली, कारण भाव पळालेला त्यांनाही दिसला होता. ज्यांना गुडघ्याचं माहीत होतं अशा मोजक्या लोकांना बोलावणं आलं. उर्वीची पाळी गुरुवारी.

बुधवारी संध्याकाळी अवधूतरावांनी वेदला एकट्याला बोलावून घेतलं.

"शनिवारी फोन कुणाचा होता?"

"ऑफिसचा, बाबा. सर्व्हर डाउन होता."

"शनिवारी रात्री?"

"सर्व्हरला वीकेंड नसतो, यार... सॉरी, बाबा." आणि हसला! अशा वेळी हसला!

"अ‍ॅप दाखव."

वेदनं निमूट फोन पुढे केला. त्यानं सोमवारच्या मॅचवर लावलं होतं खरं, पण आपल्याच टीमवर, गुडघ्याचं कळायच्या आधी. पैसे अर्थात बुडाले होते. "मला आतलं विकायचं असतं तर मी उलट नसतं का लावलं? निदान हे कॅन्सल तरी केलं असतं," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. अवधूतराव थांबतील तर शपथ! जो स्वतः हरतो त्याच्यावर कोण संशय घेईल? म्हणजे हे हरणंसुद्धा मुद्दाम. माणूस पक्का आहे, त्यांनी मनाशी ठरवलं. वेद गेल्यावर त्यांनी उर्वीला फोन लावला आणि फोन, अ‍ॅप, भावाची वेळ, सगळं ओळीनं तिच्यापुढे मांडलं.

"बाबा, तुम्हाला खात्री आहे?" तिचा आवाज बारीक झाला होता.

"शंभर टक्के. उद्या नाव सांगून टाक. त्याच्यापायी तू का मरतेस?"

गुरुवारी सकाळी पद्मजाबाईंना घरात बसवेना, म्हणून दोघं देवळात गेली. नाशिककडचे गुरुजी गाभाऱ्यातून लगबगीनं बाहेर आले.

"या, या! काय म्हणतोय तुमच्या टायरेलचा गुडघा?"

अवधूतरावांना वाटलं, आपल्या कानातच काहीतरी झालं.

"कोणाचा गुडघा?"

"अहो, रविवारी सकाळी काकूंनी अभिषेक केला ना! गोत्र ठाऊक नाही म्हणाल्या. म्हटलं, काही हरकत नाही, ठाऊक नसलं की काश्यप. संकल्पात खणखणीत नाव घेतलं, टायरेल, जानुपीडानिवारणार्थं. लोकांना कुतूहल वाटलं, म्हणून माइकवर मराठीत, इंग्रजीत समजावूनही सांगितलं. हॉल भरलेला होता, शिवाय लाइव्ह चालू होतं. तरुण मंडळी तर किती वेळ मला प्रश्न विचारत होती!"

अवधूतराव बायकोकडे वळले. पद्मजाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी कुणाला नाही हो सांगितलं," त्या म्हणाल्या. "देवाला सांगितलं. देवाला सांगितलेलं का बाहेर जातं? उर्वी इतकी काळजीत होती, म्हटलं त्या पोराचा गुडघा बरा व्हावा..."

आणि त्या रडायलाच लागल्या. अवधूतरावांनी उर्वीचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. उचल गं बाई, उचल, असं ते पुटपुटत होते.

"बाबा, आत्ताच बाहेर आले."

"उर्वी, काही बोललीस का आत? नाव घेतलंस का?"

"घेतलं. तुम्ही सांगितलंत तसंच सगळं सांगितलं. वेळेसकट." "त्यांनी लिहून घेतलं, माझी सही घेतली. वेदच्या कंपनीलाही कळवणार म्हणाले."

"तो कुठे आहे?"

"पार्किंगमध्ये. त्यानंच मला ड्राइव्ह करून आणलं, बाबा. आत नाव सांगणार आहे, हे मी त्याला गाडीतच सांगितलं होतं. तो म्हणाला, बाबांना एवढी खात्री आहे तर सांग, पण मी केलेलं नाही. थांबा, गाडीपाशीच पोचले. देते त्याला."

"नको, आधी तू ऐक..." अवधूतराव म्हणेपर्यंत फोन त्याच्या हातात गेला होता.

"हॅलो, बाबा," वेद म्हणाला. "बोला."

शेजारी पद्मजाबाई हुंदके देत होत्या. "वेद, तू नव्हतास रे," अवधूतराव म्हणाले. "रविवारी इथे देवळात..."