टिंबाआधीची तिरपी रेघ

माझा नवरा यतीन मोहालीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. हाताने तासाभरात होणारं काम एका ओळीत उरकणं हा त्याचा धर्म. मी चंदीगडला एका वैद्यकीय संस्थेत मधुमेहावर पीएचडी करते. माझे सगळे आकडे एका फाईलमध्ये होते. होते.

रविवारी सकाळी मी म्हटलं, औषधाचा डोस सगळीकडे चुकून २.५ पडलाय, तो १.२५ करायला बसते. झालं! साहेब पोह्यांची बशी घेऊन माझ्या लॅपटॉपसमोर. आधी 'फायनल', 'फायनल दोन', 'खरी फायनल' अशा माझ्या कॉपींवर हसून घेतलं, मग पसारा नको म्हणून त्या कायमच्या पुसून एकच ठेवली. नंतर कमांडच्या काळ्या खिडकीत '२.५ च्या जागी १.२५' अशा अर्थाची एक ओळ लिहून एंटर मारलं. पक्कं झालं, म्हणाला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल माझा होता.

त्या कमांडमध्ये नुसतं टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. खरंखुरं टिंबच शोधायचं तर त्याआधी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, द्यावी लागते. ती यतीनने दिली नव्हती. त्यामुळे ज्या पेशंटची साखर २०५, २१५, २४५, २९५ अशी होती, त्या सगळ्यांपुढे १.२५ आलं. चूक कुठे झाली ते दिसत होतं, आधी काय होतं ते कशानेच कळत नव्हतं.

यतीनने नाना उपाय केले, मग नुसता बसून राहिला. मला त्याचा संताप येत होता आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं. भांडायचं तरी कशाच्या जोरावर? लॅपटॉपबाहेर एकही प्रत मीही ठेवली नव्हती.

आम्ही बोटातून रक्त घेऊन तिथल्या तिथे साखर बघतो. आकडा माझ्या फाईलमध्ये जातो आणि पेशंटच्या कार्डावर, आणि कार्ड पेशंट घरी नेतो. म्हणून मी फोन करत सुटले. कुणाचा नंबर बंद, कुणाचं कार्ड घर बदलताना हरवलेलं. हिमाचलमधल्या उन्याच्या रतनचंदजींचा फोन त्यांच्या बायकोने घेतला. ते गेल्या महिन्यात गेले, म्हणाल्या. तरी मी निर्लज्जासारखं कार्डाचं विचारलंच.

"कार्ड तो उनके साथ ही चिता पर रख दिया, बेटी. पर तुम्हारे पास तो सब लिखा है न?"

मी हां जी म्हणाले.