मिस्त्रींची खोली

"बाई, भिंती दगडी आहेत. मागच्या खोलीत नेट पोहोचणं शक्य नाही," वायफायवाला पिशवी आवरत म्हणाला. "त्यापेक्षा काकांनाच पुढच्या खोलीत आणा."

"नेटसाठी माणूस हलवायचा?" ऑपरेटरबाईंनी विचारलं.

"सगळे तेच करतात."

"करोत."

बाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. निवृत्तीला जमाना लोटला, तरी गल्लीत नाव तेच राहिलं. नवरा सुतार, त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, बाईसुद्धा. सहा महिन्यांपूर्वी मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू वळणावर आले, वाचा मात्र गेली ती गेलीच. बोलण्याचा सराव घेणारी डॉक्टरीण आठवड्यातून तीनदा टॅबवर यायची. मिस्त्री ओठांची जुळवाजुळव करेपर्यंत पडद्यावर तिचा चेहरा गोठायचा. मग मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडत.

पुढच्या खोलीत नेट होतं, पण तिथे मिस्त्रींनी दोनदा जेवण टाकलं होतं. मागच्या खिडकीतून त्यांना त्यांचं कामाचं टेबल दिसे. बाईंना त्यापुढे कारण लागत नव्हतं.

मुलाला लागत होतं. "आई, हट्ट पुरे झाला," तो फोनवर म्हणाला. "त्यांना पुढे आण, नाहीतर मी त्यांना इकडच्या उपचार केंद्रात ठेवतो. महिनाअखेर गाडी घेऊन येतोय."

"ये की. जेवून परत जा."

मुलानेच मागे एक यंत्र पाठवलं होतं, सिग्नल वाढवणारं. ते बाईंनी मिस्त्रींच्या उशाशी लावलं होतं आणि त्याचा दिवा कायम लाल. त्या दिवशी त्या दिव्याकडे बघता बघता बाई कपाळावर हात मारून हसल्या. ज्या यंत्राला स्वतःलाच ऐकू येत नाही, ते पुढे काय सांगणार? लांबचा कॉल जोडताना मधल्या गावच्या एक्स्चेंजमधली मुलगी लागायची, आणि तिला दोन्हीकडचं स्वच्छ ऐकू यावं लागायचं. हे त्यांना वयाच्या विसाव्या वर्षी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या. तिथल्या मुलीने मेश वायफायचे तीन डबे काढून दाखवले. एक मुख्य, बाकीचे दोन वाटेवर; तिघे एकाच नावाने बोलतात आणि एकमेकांचा निरोप पुढे नेतात.

"लावायला माणूस पाठवू का, आजी?"

"माणूस येऊन गेला," बाई म्हणाल्या.

पहिला डबा पुढच्या खोलीत, जिथे तार येते तिथे. दुसरा दोन खोल्यांमधल्या बोळात ठेवला. मागे तिसरा. व्हिडिओ लावलेला फोन हातात धरून बाई घरभर फिरल्या. बोळ ओलांडला की चित्र अडे. डबा वर ठेवला, खाली ठेवला, पुस्तिका भिंगातून दोनदा वाचली. मग लक्ष गेलं ते बोळातल्या लोखंडी कपाटाकडे. दुसरा डबा नेमका त्याच्याच आड होता.

कपाट दोन माणसांना हलत नसे. बाईंनी ते कप्प्याकप्प्याने रिकामं केलं, पाठ लावली आणि वीतवीत ढकलत पार कोपऱ्यात नेलं. कंबर धरली. पण तिसऱ्या डब्याचा दिवा हिरवा झाला.

महिनाअखेर मुलगा आला, तेव्हा डॉक्टरणीचा सराव चालू होता. तो दारातच थांबला. पडद्यावरचं चित्र एकदाही अडलं नाही. मिस्त्रींच्या ओठांना वेळ लागत होता आणि डॉक्टरीण तेवढा वेळ थांबत होती.

सराव संपत आला तसा मुलगा पलंगाशी वाकला. "बाबा, तिकडे रोज समोरासमोर शिकवतील. माझं घरही जवळ आहे. येता ना?"

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. बाई पुढे झाल्या नाहीत. कॉल लागत असताना मध्ये बोलायचं नसतं.

"ना... ही."

पडद्यावरची डॉक्टरीण खुर्चीत पुढे सरकली. "स्वच्छ ऐकू आलं, मिस्त्री. पुन्हा म्हणा."

"नाही," मिस्त्री मुलाकडे बघत म्हणाले.

मुलाने मान खाली घातली, गाडीची किल्ली खिशात टाकली आणि बापाशेजारी पलंगावर बसला.