अंगातली कसर

मित्रांनो, मला नीट झटकल्याशिवाय माझ्या आकड्यावर कधी विश्वास ठेवू नका. मी एक जुना थर्मामीटर आहे, काचेचा, पोटात पारा असलेला. माझा पारा भरभर चढतो, पण आपणहून उतरत नाही. हा माझा स्वभाव आहे, दोष नव्हे. तरी त्यापायी एका घराला काय भोगावं लागलं, ते आज सांगतो.

भट्टीच्या धगीत माझी नळी ओढली गेली, अंगावर बारीक रेघा कोरल्या गेल्या आणि औषधांच्या दुकानातून मी एका बाईंच्या घरी आलो. त्यांच्या मुलाचा गोवर, गालगुंड आणि परीक्षेच्या दिवशीचे खोटे ताप, सगळं मी पाहिलं. "याच्यापुढे कुणाची थाप चालत नाही," असं त्या कौतुकानं म्हणायच्या. पुढे मुलगा न्हावी झाला, त्याचं लग्न झालं, बाई सासूबाई झाल्या आणि मी कपाटात धूळ खात पडलो.

एका थंडीत सुनेनं मला बाहेर काढलं. दोघांना बाळ हवं होतं आणि ते येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की रोज सकाळी डोळे उघडताच, न उठता, न बोलता ताप मोजायचा. त्यावरून म्हणे योग्य दिवस कळतात. सून पार्सलच्या कचेरीत वजनकाट्यावर बसायची. गिऱ्हाईक काहीही म्हणो, काटा दाखवील ते खरं, अशी तिची सवय. माझाही शब्द तिनं प्रमाण मानला. रोज सकाळी नवरा मला धुऊन आणायचा, ती गुपचूप तोंड उघडायची, आणि मी रोज एकच सांगायचो, की बारीक ताप आहे.

"तिच्या अंगात कसर दिसते," सासूबाई सहज म्हणाल्या. त्यांना म्हणायचं होतं थोडासा ताप. पण कसर म्हणजे उणीवही, आणि सुनेनं नेमकी तीच ऐकली. त्या दिवसापासून तिनं नणंदेच्या लेकाला कडेवर घेणं सोडलं. नवरा प्रेमानं जवळ आला, तरी ती आधी माझ्याकडे पाहायची. घरात भांडं वाजलं तरी दोघं दचकायची.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही कसर उतरत का नाही? भूल देऊन आतून तपासावं लागेल." दिवस ठरला. सुनेची मावशी अशाच भुलेतून पुन्हा उठली नव्हती. खरं काय ते मला ठाऊक होतं, मित्रांनो. पण मला तोंड नाही, नुसत्या रेघा आहेत. माझा जीव टांगणीला लागला.

तपासणीच्या सकाळी धास्तीनं तिला लवकर जाग आली. न उठण्याचा नियम मोडून ती मोरीच्या दारापर्यंत गेली. आत नवरा उभा होता. त्यानं मला झटकलं, मग दाढीसाठी काढलेल्या कोमट पाण्यात हळूच बुडवलं आणि पुसलं.

"हे काय करतोयस?"

"अगं, उठलीस कशाला? काच गार आहे, म्हणून जरा ऊन करतोय."

"रोज करतोस?"

"रोजच. दुकानात मी गिऱ्हाइकाच्या मानेला गार वस्तरा लावत नाही, आणि तुझ्या तोंडात गार काच घालू?"

ती भिंतीला टेकली. "म्हणजे हा ताप पाण्याचा होता! अरे, मी स्वतःला नासकी समजत होते!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं, तोंडात गेल्यावर पारा आपला उतरत असेल."

"वाटलं! विचारायचं नाही?"

"सकाळी बोलायचंच नाही, असा नियम होता ना," तो कसाबसा म्हणाला.

तिनं मला हिसकावून घेतलं. हात वर गेला. माझे शंभर भरले, असंच मला वाटलं. हात जोरात खाली आला, पण मूठ सुटली नाही. तिनं मला झटकलं, पुन्हा झटकलं, आणि तसंच गारठलेलं तोंडात धरलं. तिचे दात काचेवर वाजत होते. ती पलंगाच्या कडेला बसली, तो तिच्या पायाशी.

मग तिनं मला खिडकीच्या उजेडात धरलं. ताप नव्हता. ती ओक्साबोक्शी रडली आणि रडता रडताच ओरडली, "आई, कसर माझ्यात नाही हो, तुमच्या लेकाच्या डोक्यात आहे!"

भुलेची तपासणी टळली. बाळ अजून आलेलं नाही. येईल की नाही, ते मला सांगता येत नाही, माझ्या रेघा तेवढ्या लांब जात नाहीत. पण नणंदेचा लेक पुन्हा तिच्या कडेवर असतो.

मित्रांनो, मला झटका, पुसा, जपून ठेवा. आणि आपल्या माणसांची काळजी घ्याल, तेव्हा ती गुपचूप घेऊ नका, सांगून घ्या. आता तो मला रोज सकाळी कोरडाच आणतो.

"गार आहे हं," तो म्हणतो.

ती मान डोलावते आणि तोंड उघडते.