आरशामागचा गोलकीपर

मी गोलकीपर बोलतोय. खरा गोलकीपर नव्हे. त्याचं चित्र छापलेलं, तळहाताएवढं पुठ्ठ्याचं कार्ड. बोलतोय खरा, पण तोंड दाखवायची लाज वाटते. का, ते सांगतो. मला भरभर बोलता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म छापखान्यातला. एका मोठ्या कागदावर आम्ही सगळे खेळाडू खांद्याला खांदा लावून छापले गेलो, मग पात्याने आम्हाला वेगळं केलं. पुढे फोटो, पाठीवर लाल-पिवळे पट्टे. त्या हंगामातल्या सगळ्यांच्या पाठी तशाच होत्या. माझ्या वाट्याला आला एक राखीव गोलकीपर. डोक्यावर दाट कुरळे केस आणि तोंडभर हसू.

गोळ्यांच्या पुडीतून मी एका शाळकरी मुलाच्या हातात पडलो. त्याला कप्तान हवा होता. मला पाहून त्याचं तोंड एवढंसं झालं. शाळेच्या पायऱ्यांवर कार्डांची अदलाबदल चाले, पण माझ्या बदल्यात कुणी एक गोळीही देईना. तरी त्याने मला टाकलं नाही. कुठलंही कार्ड टाकणं त्याला जमतच नसे.

मग अंतिम सामना आला. मुख्य गोलकीपरचा हात ऐनवेळी मोडला आणि माझ्या माणसाला उभं केलं. त्याने तीन गोल खाल्ले. शेवटचा तर दोन पायांमधून गेला. दुसऱ्या दिवशी शहरभर त्याचं नाव पडलं होतं, चाळण.

मुलगा सुजलेल्या डोळ्यांनी शाळेत आला. पायऱ्यांवर एकजण म्हणाला, "तुझ्याकडे आहे ना तो? मग चाळणीला भोकं नकोत?" सगळे हसले. मुलाने कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि माझ्यात खुपसलं. कपाळ, गाल, छाती. पोरं एकमेकांना टाळ्या देत होती. त्याला तेव्हा फार बरं वाटलं. त्याच्या बोटांतून ते मला कळत होतं. डोळे तेवढे त्याने सोडले. का सोडले, ते त्यालाही ठाऊक नसावं.

पुढे त्या मुलाने सलून काढलं. लग्न झालं, मुलं झाली, दुसऱ्यांचे केस कापता कापता स्वतःचे गेले, पण कार्डांचा नाद सुटला नाही. बायको म्हणायची, "पोरांची लग्नं व्हायची वेळ आली, यांचे दुधाचे दात अजून पडायचेत." तो हसायचा आणि नवी पुडी फोडायचा. अल्बममध्ये प्रत्येक कार्डाला प्लास्टिकचा स्वच्छ कप्पा होता. बाकावर थांबलेली गिऱ्हाइकं तो अल्बम चाळत बसायची.

आमच्या हंगामाच्या पानावर एक कप्पा मात्र रिकामा होता. तो माझा. रस्त्यावरून बस गेली की भिंतीवरचा आरसा खडखडायचा, म्हणून सलूनवाल्याने मला आरशाच्या चौकटीमागच्या फटीत खोचलं होतं. तोंड भिंतीकडे, अर्धी पाठ बाहेर. कुणाला हा अपमान वाटेल. मला बरं वाटे. तोंड लपलं होतं ना.

एका सकाळी एक म्हातारे काका दाढीला आले. सोबत काकू होत्या.

"हात थरथरतो यांचा," काकू म्हणाल्या. "परवा हनुवटी कापून घेतली. आता तुमच्या स्वाधीन."

काका खुर्चीत बसले, काकू बाकावर. त्यांनी अल्बम उघडला आणि म्हणाल्या, "अहो, हा तुमचाच संघ का हो? तुमचंही कार्ड छापलं होतं म्हणे. लग्नाआधी. जन्म गेला ऐकण्यात, एकदाही पाहिलं नाही. थापच असणार."

"थापच गं," काका म्हणाले.

सलूनवाल्याने आरशात काकांचा चेहरा नीट पाहिला. केस गेले होते, गाल बसले होते, पण डोळे तेच. ब्रश त्याच्या हातात तसाच राहिला.

"सगळे आहेत," काकू पान चाचपत म्हणाल्या. "गोलकीपरच नाही. कधी मिळालाच नाही का हो?"

"नाही, काकू," तो म्हणाला. "तो नाही माझ्याकडे."

काकांनी एकदा आरशाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून हनुवटी वर केली.

दाढी झाल्यावर सलूनवाल्याने मला ओढून काढलं, खणात तळाशी टाकलं आणि दुपारीच दुकान बंद करून निघाला. एक धड कार्ड मिळालं तर सगळंच निभावणार होतं. जुन्या नादिष्टांपैकी जो भेटेल त्याला विचारलं, हे मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं. औषधाच्या दुकानातला त्याचा मित्र तर हसतच सुटला.

"चाळण? अरे, ती आम्ही सगळ्यांनी सायकलच्या चाकात लावली, फटफट आवाज यायला. तुझ्याकडे होती ना एक?"

"होती," एवढंच बोलून तो परतला.

पुढच्या वेळी काका-काकू आले तेव्हा तो नजर चुकवत फेस करत होता. बाहेरून बस गेली. आरसा खडखडला.

"आज हलतोय तो," काका म्हणाले. "त्यामागचा पट्ट्यापट्ट्यांचा पुठ्ठा काढलास का?"

सलूनवाल्याने हात पुसले, खण उघडला आणि मला काकांच्या हातावर ठेवलं. उलटा. पाठ वर. तेवढाच त्याचा धीर.

काकांनी मला उलटवलं. त्यांचा अंगठा माझ्या चेहऱ्यावरून सावकाश फिरला आणि भोकाभोकाशी अडखळला.

"शाळेत होतो," सलूनवाला जमिनीकडे पाहत म्हणाला.

"अरे बाबा," काका म्हणाले, "मी तीनच सोडले होते."

काकूंनी उठून मला घेतलं, चष्मा नाकावर सरकवला आणि खिडकीशी धरलं. माझ्यातून आलेले उन्हाचे ठिपके त्यांच्या गालावर पडले. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"केस केवढे होते हो तुम्हाला," त्या म्हणाल्या.

सलूनवाल्याला त्या दिवशी वस्तरा धरता आला नाही. दाढी दुकानातल्या दुसऱ्या कारागिराने केली.

आता मी काकूंच्या चष्म्याच्या डबीत राहतो. कुणी आलं की त्या मला कौतुकाने दाखवतात, आणि भोकांबद्दल विचारलं की म्हणतात, "कसर लागली होती." तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. कसर अशी नेमके डोळे सोडून खात नाही. हे काकूंनाही ठाऊक आहे.

काका अजून त्याच सलूनमध्ये जातात. ते सांगतात, आरसा अजून खडखडतो. फटीत दुसरं काही खोचायला सलूनवाल्याचा हात धजत नाही. अल्बममधल्या रिकाम्या कप्प्याबद्दल कुणी विचारलं तर तो खाली मान घालून म्हणतो, "तिथे एक होता. मी खराब केला."

तेव्हा एक मागणं आहे. तुमच्या घरी एखाद्या जुन्या डब्यात माझा न टोचलेला जुळा भाऊ निघाला, तर त्या सलूनमध्ये नेऊन द्या. ओळखायला सोपा आहे. कुरळे केस, आणि तोंडभर हसतोय. फोटो सामन्याच्या आधीचा आहे.