डमी अर्ज

"डमी अर्ज तुझा भरू," इंद्रजितराव म्हणाले. "पक्षाच्या फॉर्मवर पहिलं नाव विजयसिंहांचं, दुसरं तुझं. म्हंजी तुझा बी मान राहिला."

बारामतीच्या विश्रामगृहात आम्ही समोरासमोर बसलो होतो. इंद्रजितराव आमच्या पक्षाचे जिल्हा सरचिटणीस. शेजारच्या दालनात नुकताच विजयसिंहांचा पक्षप्रवेश झाला होता. मुंबईहून आलेल्या मंत्र्यांनी स्वतः त्यांच्या गळ्यात पक्षाचं उपरणं घातलं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. जिल्हा परिषदेची आमच्या निमगाव केतकीकडची उमेदवारी तीन वर्षांपासून मला कबूल केलेली होती. ती त्या उपरण्याबरोबर गेली.

"साहेब, धा वर्सं झाली मला पक्षात."

"मला ठाव न्हाय व्हय? पण निवडून कोण येतंय ते वरची माणसं बघत्यात. निर्णय मुंबईचा हाय, ज्ञानेश. मी आपला निरोप्या."

डमी म्हणजे काय ते सांगतो. छाननीत मुख्य उमेदवाराचा अर्ज उडाला तर पक्ष उघडा पडू नये, म्हणून आणखी एकाचा अर्ज भरून ठेवतात. पहिल्याचा मंजूर झाला की दुसऱ्याने गुपचूप घरी जायचं. लग्नात करवलीला असतो तेवढाच त्याला मान.

"चालतंय की," मी म्हणालो. पोरगं समजूतदार निघालं म्हणून इंद्रजितरावांनी माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

विजयसिंहांचं आणि माझं जुनं आहे. नऊ वर्षांपूर्वी मी एकवीस वर्षांचा होतो. तेव्हा आमच्या भागात आमच्या पक्षाचं नाव काढलं की लोक आधी हसायचे आणि मग चहा पाजायचे, कारण आमच्यापासून कुणालाच धोका नव्हता. मी मात्र मनापासून त्यात होतो. मी जुन्या वळणाचा माणूस आहे, आजही. गणपतीपुढे डीजे नको, भजन हवं. थोरांच्या पाया पडावं. घर टिकलं तर गाव टिकेल, असं मला वाटतं आणि पक्षाच्या अभ्यासवर्गात मी त्यावर तासभर बोलतोही. माझ्या वयाची पोरं मला 'महाराज' म्हणून चिडवतात. चिडवू देत.

त्या निवडणुकीत मी मतदान केंद्रावर पक्षाचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. मेलेल्या माणसाच्या नावावर एक जण मत द्यायला आला, मी हरकत घेतली. तेव्हा दुसऱ्या पक्षात असलेले विजयसिंह आत आले आणि रांगेतल्या सगळ्या बायाबापड्यांसमोर त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली.

तेवढ्यावर भागलं नाही. विजयसिंह साखर कारखान्याचे संचालक होते. त्या हंगामात आमच्या डाव्या बांधाचा ऊस तुटला, उजव्या बांधाचा तुटला, आमच्या उसाला कारखान्याची तोडच येईना. उसाला तुरे आले, वजन घटायला लागलं. माझ्या आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती, ऊस पहिल्यांदा लावला तो वडिलांनी. तो उभ्या जागी वाळताना बघून त्यांचं जेवण सुटलं. शेवटी ते विजयसिंहांच्या बंगल्यावर गेले. मी मागे उभा होतो.

"भीमा, पोरगं आवर," विजयसिंह झोपाळ्यावर बसल्या बसल्या म्हणाले. माझे वडील त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. गाव त्यांना भीमराव म्हणतं.

वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "चुकलं त्याचं, आबा. लहान हाय."

चौथ्या दिवशी तोड आली. वडिलांनी पुढे कधी हा विषय काढला नाही. थप्पड मी पचवली असती, पण ती हातातली टोपी मला आजवर पचलेली नाही. विजयसिंहांचा हिशेब एक दिवस चुकता करायचा, हे मी त्या अंगणातच ठरवलं होतं.

पोटापाण्यासाठी मी निमगावात एसटी थांब्यासमोर महा ई-सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविमा, म्हाताऱ्यांचे पगार, सगळं माझ्या टेबलावरून जातं. गावातल्या निम्म्या माणसांची जन्मतारीख त्यांच्यापेक्षा मला जास्त पाठ आहे. लोक कागदांची पिशवी माझ्यापुढे उलटी करतात आणि म्हणतात, तुला लागंल ते काढून घे.

गेल्या उन्हाळ्यात सुकन्या अशीच आली. विजयसिंहांचे धाकटे भाऊ सावळाराम, त्यांची ही मुलगी, असं कागद म्हणत होते. गाव हळू आवाजात वेगळं म्हणायचं. सावळाराम आणि शकुबाईंना मूल नव्हतं. विजयसिंहांना दोन मुलगे होते आणि तिसरी मुलगी झाली, त्याच सुमाराला त्यांना पहिली निवडणूक लढवायची होती. २००१ नंतर तिसरं मूल झालं तर आपल्याकडे असली निवडणूक लढवता येत नाही. मुलगी महिन्याच्या आत धाकट्या जावेच्या पदरात गेली. सगळ्यांचा ऊस त्याच कारखान्याला जायचा, त्यामुळे कुणी तोंड उघडलं नाही.

"दादा, बारामतीला नर्सिंगला नंबर लागतोय माझा," सुकन्या म्हणाली. "अधिवासाचा दाखला काढायचाय. जन्माचा दाखला हाय, पण त्याच्यावर नाव येगळं हाय. चालंल का?"

मी कागद घेतला, सवयीने स्कॅनरवर ठेवला, बटण दाबलं आणि मग वाचला. वडिलांचं नाव: विजयसिंह. जन्माच्या दिवशी दवाखान्याने नियमाप्रमाणे खरी नोंद पाठवली होती. पुढे शाळेत, आधारवर सगळीकडे नाव बदललं, हा एक कागद शकुबाईंच्या ट्रंकेत तसाच राहिला.

"हा लावायला नको," मी म्हणालो. "शाळेच्या दाखल्यावर भागंल."

"कुणाला बोलू नका दादा. आईला लई भ्या वाटतं."

"माझ्या टेबलावरचा कागद टेबलावरच ऱ्हातो," मी म्हणालो. तिचं काम आठ दिवसांत करून दिलं. कॉम्प्युटरमधली ती प्रत मात्र मी पुसली नाही. का पुसली नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, इंदापूरला तहसील कचेरीबाहेरच्या टपरीवर, मी समोरच्या उमेदवाराच्या वकिलांच्या हातात घडी घातलेला कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"तुम्ही तर त्यांच्याच पक्षाचे ना?"

"म्हणूनच देतोय."

सुकन्येचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. पोरीचं काय बिघडणार, तिचा प्रवेश तर झालाय, अशी मी स्वतःची समजूत घातली. सूड घ्यायचा असला की माणसाला अशा समजुती पटापट सुचतात.

दुसऱ्या दिवशी छाननी होती. विजयसिंहांचं नाव पुकारलं, तसे वकील उठले आणि त्यांनी हरकत घेतली. उमेदवाराला तिसरं अपत्य आहे, हा पुरावा. निवडणूक अधिकाऱ्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि विजयसिंहांना म्हणणं मांडायला तीन वाजेपर्यंतची मुदत दिली. विजयसिंह फोन कानाला लावून घाईने बाहेर गेले. मी बाहेर जाऊन दोन वडापाव खाल्ले. कित्येक वर्षांत मला अशी कडकडून भूक लागली नव्हती.

तीनच्या आत गाडी आली. सावळाराम, शकुबाई आणि मागे कॉलेजच्या कागदांची प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरलेली सुकन्या. सावळाराम साधा माणूस, भावापुढे कधी मान वर न केलेला. त्यांनी प्रतिज्ञापत्र पुढे केलं. "पोरगी माझी हाय साहेब. त्या कागदावरचं नाव कसं आलं ते मला ठाव न्हाय."

अधिकारी म्हणाले, "शाळेचा दाखला, आधार, सगळीकडे सावळाराम हेच नाव आहे. नुसत्या झेरॉक्सवर मी अर्ज बाद करू शकत नाही. मूळ दाखला कुणी हजर करू शकतं का?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. सगळं बोंबललं होतं. विजयसिंह त्या क्षणी गप्प बसले असते तर आज तेच उमेदवार असते. पण त्यांना भाषणाची सवय. समोर चार माणसं दिसली की त्यांना उभं राहिल्याशिवाय चैन पडत नाही.

"साहेब, मला दोन लेकरं," ते उठून म्हणाले. "ह्या पोरीचा आन् माझा काडीचा संबंध न्हाय. माझ्या रक्ताची असती तर मी टाकली असती का? इचारा तिलाच."

अधिकाऱ्यांनी सुकन्येला पुढे बोलावलं आणि टेबलावरची झेरॉक्स दाखवली. "हा कागद तुझा का?"

ती वाकून बघत राहिली. माझ्या स्कॅनरची काच एका बाजूला तडकलेली आहे, त्यामुळे प्रत्येक प्रतीवर डावीकडे एक काळी रेघ येते. निमगावात ती रेघ सगळ्यांना माहीत आहे. तिने मान वर केली आणि दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग विजयसिंहांकडे पाहिलं, ते तिच्याकडे बघतही नव्हते. ती काय बोलायचं ते घरून पाठ करून आली असणार, कारण तिचे ओठ एकदा हलले आणि थांबले.

"मूळ दाखला माझ्यापाशी हाय, साहेब," ती म्हणाली.

"सुकू, चल माघारी," शकुबाई म्हणाल्या.

"थांब आई." तिने फाइल उघडली. "माझा बाप तात्याच हाय, आन् आई ही. दर दिवाळीला थोरले आबा मला कापडं धाडायचे, मी ती घालून त्यांच्या पाया पडायला जायची. आज ते म्हणत्यात काडीचा संबंध न्हाय. तर तेवढं बघून घ्या."

तिने कागद टेबलावर ठेवला. विजयसिंह खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत, त्यांनी कुणाकडे तरी पाणी मागितलं आणि ते कुणी आणून दिलं नाही. अर्ज बाद झाला. मला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. नऊ वर्षं जे मागत होतो ते माझ्यासमोर मान खाली घालून बसलं होतं. पाच मिनिटांनी माझा डमी अर्ज मंजूर झाला आणि विजयसिंहांसाठी आणलेला झेंडूचा हार इंद्रजितरावांनी माझ्या गळ्यात घातला. "बघ, पक्ष न्याय करतो," ते म्हणाले.

पायऱ्यांवर सुकन्या उभी होती. आत सावळारामांना थांबवून ठेवलं होतं. खोटं प्रतिज्ञापत्र दिलं म्हणून त्यांच्यावर गुन्हा दाखल होणार, असं कुणीतरी बोलत होतं.

"रेघ वळखली मी," ती म्हणाली.

मी हार काढायला गेलो, तो कॉलरमध्ये अडकला.

"तुमी मागितला असता ना दादा, तर मीच दिला असता," ती म्हणाली. "तात्याला सही करू दिली नसती एवढंच." आणि ती आत आपल्या वडिलांपाशी गेली. तिथे विजयसिंह नव्हते, ते मागच्या दाराने निघून गेले होते. मला लाज वाटली. विजयसिंहांनी मारलं तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्र उघडलं. बाहेर माझा फोटो असलेला फलक लागला होता, त्याच्याखाली लोक रांगेत उभे होते. प्रचार बाजूला ठेवून दोन तास लोकांची कामं करायची असं मी ठरवलं होतं. रांगेत पहिल्या शकुबाई होत्या.

"आमची कागदं दे," त्या म्हणाल्या.

मी कपाटातून त्यांची फाइल काढून दिली. त्यांनी ती काखेत धरली आणि बोट कॉम्प्युटरकडे केलं. "त्याच्यातली बी."

"ती पुसतो काकू."

"मला वाचता येत न्हाय. तू एकेक मोठ्यानं वाच आन् पूस."

मी वाचायला लागलो. सावळाराम, आठ अचा उतारा. शकुबाई, रेशन कार्ड. सुकन्या, शाळा सोडल्याचा दाखला. सुकन्या, अधिवास. सुकन्या, जन्म दाखला. रांगेतले लोक पुढे सरकून ऐकत होते. प्रत्येक नावानंतर त्या विचारत होत्या, पुसलं का, आणि मी सांगत होतो, पुसलं. शेवटचं झाल्यावर मी हात बाजूला घेतले.

"पुसलं?"

"व्हय."

"कशावरनं?"

मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. त्यांनी पदर सारखा केला आणि त्या समोर उभ्या असलेल्या इंदापूरच्या गाडीत जाऊन बसल्या.

रांगेत त्यांच्या मागे आबाजी मास्तर होते. दहा वर्षांपूर्वी गावात आमच्या पक्षाला उघडपणे मत देणारे ते पहिले. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आले होते. त्यांनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली, जराशाने परत उचलली.

"माझी बी कागदं काढ," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच."

मी त्यांचं नाव शोधलं आणि वाचायला सुरुवात केली.