बादशहासाठी शेवटची प्रार्थना

ईश्वरदास बावीस वर्षं चर्चमध्ये प्रार्थना चालवत होता आणि त्याला पुस्तक उघडायची गरज कधी पडली नव्हती. सगळं तोंडपाठ! आज नेमकी तीच पंचाईत होती.

शुक्रवारी देश स्वतंत्र झाला होता. आज रविवार. पाद्रीसाहेब खापा गावच्या मंडळीकडे गेलेले, बिशपचा हुकूम आलेला नाही आणि छापील प्रार्थनेत ‘आमचा बादशहा’ अजून ठाण मांडून बसलेला. घरून निघतानाच कुसुमावतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, बजावलं होतं.

“बेचाळीसमंदी माहा भाऊ जेलात होता. अन् तुमी दर रविवारी त्याले कोंडनाऱ्यासाठी लंबी उमर मांगत होते. मी गुमान ऐकून घेतलं. आज त्या बादशाचं नाव काढाल, तं मी मधातूनच उठून माहेरी जाईन उमरेडले. वापस येनार नाई.”

“नाई काढत वं,” ईश्वरदास म्हणाला. ही बाई बोलली की करायचीच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

चर्च तुडुंब भरलं होतं. पुरुषांच्या छातीवर कागदी तिरंगे. पेटीवाल्यानं तर पहिलंच गीत वरातीच्या चालीवर धरलं आणि कोणी त्याला आवरलं नाही. ईश्वरदासच्याही अंगात आनंद मावेना. त्याच भरात त्यानं डोळे मिटले, आणि या विणकराच्या पोराची जीभ मागावरच्या धोट्यासारखी नेहमीच्या वाटेनं सुटली.

“हे प्रभो, आमच्या बादशहाला...”

मेलो! बायकांच्या बाजूला बांगड्या वाजल्या. कोण उठलं, हे बघायला त्याला डोळे उघडावे लागले नाहीत. देवासमोर निघालेला शब्द आता परत कसा घ्यायचा?

“...बादशहाला हिंदुस्थानच्या काळजीतून कायमचा मोकळा कर,” तो घाईघाईनं म्हणाला. “त्याच्या लाटसाहेबांना, कलेक्टरांना, जेलरांना सुखरूप विलायतेला पोचव. त्यांची एकही ट्रंक इथं विसरू नये. वाटेत समुद्रावर कोणाला बोट लागू नये.”

एक म्हातारा फिसकन हसला. मग त्याची रांग, मग मागची. ईश्वरदासनं भीतभीत एक डोळा उघडला. कुसुमावती दारापर्यंत पोचली होती. हातात चपला, तोंडाला पदर, खांदे गदगदत होते. हसते की रडते, कळेना. त्याचा जीव टांगणीला लागला.

तिनं पदर खाली केला आणि छताकडे बघत खणखणीत आवाजात देवाला सांगितलं, “अन् वापस नोको पाठवू त्याइले!”

“आमेन!” अख्खं चर्च ओरडलं. कुसुमावतीनं चपला तिथंच टाकल्या आणि ती आपल्या जागेवर येऊन बसली.