वाकड्या ओठाची पट्टी

जरा मान वर करा. छप्पर नंतर बघा, आधी त्याची कड बघा. तिथे चार बोटं रुंदीची पत्र्याची पट्टी दिसतेय ना? ती मी बोलतेय. छपरावरून आलेलं पाणी भिंतीपासून लांब टाकायचं, एवढंच माझं काम. एवढंच म्हणते खरी, पण त्यावरून या घरात केवढा गोंधळ झाला, ते ऐका.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. त्याने जस्ताच्या पत्र्यातून मला कापलं, काटकोनात वाकवलं आणि शेवटी माझी खालची कड पकडीने थोडी बाहेर वळवली. त्या कडेला तो ओठ म्हणायचा.

"ताई, हिचा सगळा जीव या ओठात आहे," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "पाणी इथवर येतं आणि सुटून खाली पडतं. ओठ नसला, की ते आत वळून फळीत शिरतं."

ताई म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बाई. घराच्या कोपऱ्यातल्या खोलीत त्यांचं मशीन, कापड बेतायचं टेबल आणि एक उभा आरसा. बावीस वर्षं त्या तिथेच शिवत होत्या. पण मशीनमागची भिंत दर पावसात ओली व्हायची, गिलाव्याचे पोपडे पडायचे. छपराच्या कडेची लाकडी फळी सुताराने दोनदा बदलली, ती दोन्ही वेळा कुजली.

त्यांचा मोठा भाऊ, आमचा दादा, शेवटी वैतागला. "यंदा भिंत ओली झाली तर खोली पाडायची. एक दिवस ती तुझ्या अंगावर येईल. मशीन जिन्याखाली लाव."

"जिन्याखाली? गिऱ्हाइकाने माप काय ओणवं होऊन द्यायचं?"

दादा हसला नाही. मग ताईंनी शेवटचा उपाय म्हणून मला आणलं. सुताराने नवी फळी लावून तिच्यावर मला ठोकलं. मी ऐटीत बसले.

पण दादाची ओळख करून द्यायची राहिलीच. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. भिंत सरळ आहे की नाही ते दोरीला वजन बांधून बघतात, तो ओळंबा कायम त्याच्या खिशात. गल्लीत त्याचं नावच ओळंबा पडलं होतं. लोकांच्या घरी गेला तरी आधी त्यांच्या भिंतीवरची कॅलेंडरं सरळ करायचा, मग बसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची नजर माझ्यावर गेली.

"हे काय! पट्टी नवी कोरी आणि खालून वाकडी? त्या पत्रेवाल्याचं लक्ष कुठे होतं?"

झालं! शिडी लावली, लाकडी हातोडी घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत माझा ओठ ठोकून आत बसवला. मी ओरडले हो, पण हातोडीच्या आवाजात पत्र्याचं ओरडणं कोणाला कळणार?

"आता कशी सुतात दिसतेय," म्हणत तो खूश होऊन खाली उतरला.

चार दिवसांनी पाऊस आला. पाणी माझ्या अंगावरून खाली आलं, ओठ शोधू लागलं, तो सापडेना, म्हणून आत वळलं आणि फळीत शिरलं. मला ते कळत होतं आणि काही करता येत नव्हतं. फार लाज वाटली. संध्याकाळपर्यंत मशीनमागे ओला डाग उमटला.

"परवा खोली पाडायला माणसं बोलावतो," दादा हळूच म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशीही पाऊस होताच. आता गंमत बघा. इतकी वर्षं गळती शोधायला जो आला, तो पाऊस थांबल्यावर आला. भिजायचं कोणाला होतं! ताई मात्र त्या दुपारी छत्री घेऊन भर पावसात अंगणात उभ्या राहिल्या. चष्मा पुसत माझ्याकडे बघत राहिल्या. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, सगळं त्यांनी पाहिलं.

"अगं बाई! हिची तर खालच्या कडेची मुडपच चपटी झालीये! दादा, शिडी आण!"

"या पावसात?"

"याच पावसात."

मशीनच्या खणातली पक्कड घेऊन त्या वर चढल्या. बोटांनी चाचपत, वीतवीतभर पुढे सरकत त्यांनी माझा ओठ पुन्हा बाहेर काढला. कापडाची कड धरावी तसं मला धरलं होतं त्यांनी. खाली शिडी धरून दादा चिंब भिजत होता.

"अगं, ती मीच सरळ केली होती," तो म्हणाला.

"माहितीये. या गल्लीत दुसरं कोण करणार?"

ओठाचं शेवटचं टोक वळलं आणि पाणी सुटलं! भिंतीला, फळीला न शिवता थेट खाली, चांगलं चार बोटं लांब. काय सांगू, त्या क्षणी मला छपराएवढं मोठं झाल्यासारखं वाटलं.

दादा बघतच राहिला. ताई खाली उतरल्यावर त्याने खिशातून ओळंबा काढला, शिडीवर चढून माझ्या शेजारी धरला. इकडे त्याची दोरी, तिकडे माझी धार.

"बरोबर ओळंब्यात पडतंय गं!" तो ओरडला आणि लहान पोरासारखा हसला. माणसं आलीच नाहीत. भिंत सुकली तेव्हा दादाने स्वतः तिला नवा गिलावा केला.

त्याला आता बरेच पावसाळे झाले. माझ्या एका खिळ्याला गंज चढलाय, रंगही विटलाय. मागच्या आठवड्यात रंगारी आला आणि म्हणाला, "काका, ही पट्टी खालून वाकडी झालीये. ठोकून सरळ करू?"

तुम्हालाही माझं तेवढंच सांगणं आहे. रंग द्या, खिळा बदला, पण माझ्या ओठाला हात लावू नका. रंगाऱ्याला मला सांगावं लागलं नाही. आत ताईंचं मशीन चालू होतं आणि दादा खुर्चीतून तडक उठला.

"खबरदार! ती वाकडीच बरोबर आहे."